टेपच्या बाहेरची वस्ती

किल्ला म्हटलं की मराठी माणसाची छाती फुगते. बबन खरातची कंबर दुखायची.

बावीस वर्षं त्यानं पुराणवस्तू खात्यात रोजंदारीवर गढ्या, किल्ले आणि उठून गेलेल्या गावांची पांढरीची टेकाडं खणली होती. तटाचा दगड उन्हाळ्यात हाताला कसा लागतो आणि पावसाळ्यात कसा घसरतो, हे त्याला ठाऊक होतं. त्या दगडावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. अक्षरंही तो तिथंच शिकला, अडतिसाव्या वर्षी. सापडलेली खापरं धुवून वाळवायची आणि प्रत्येकावर काळ्या शाईनं खड्डा, थर, तारीख घालायची, हे काम एका बाईंनी त्याला लावून दिलं. शाळेतली पोरं खटाऱ्याचा ख शिकतात. बबन खापराचा ख शिकला. र्‍हस्व-दीर्घ मात्र त्याच्या हाताला कधी लागलं नाही, कारण खापरावर जागा थोडी असते.

आता वय त्र्याहत्तर. मुलगी पद्मा आणि जावई गणेश यांच्याकडे कॅनडात ब्रॅम्पटनला येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. नात यशोधरा चोवीस वर्षांची, ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत जुन्या रोमचा इतिहास शिकणारी. या उन्हाळ्यात ती डॅन्यूब नदीच्या काठी एका रोमन किल्ल्याच्या खोदकामावर दीड महिना जाऊन आली. परत आली तेव्हा बबननं तिचे तळवे उलटे करून पाहिले. घट्टे पडले होते.

"आता तू खरी माझी नात," तो म्हणाला.

दिवाळीला मुलांनी मातीचे किल्ले करायचे ही आपली रीत. नॉर्थ यॉर्कच्या एका मराठी मंडळानं ती इकडे चालू ठेवली होती. यंदा मोठ्यांसाठीही स्पर्धा ठेवली. विषय दिला, 'जगातले किल्ले'. यशोधरा फॉर्म घेऊन बेसमेंटमध्ये आली.

"आबा, आपण माझा किल्ला करू या."

"किल्ला-बिल्ला नको. आयुष्यभर तेच केलं."

"आबा, पण आम्ही किल्ला खणतच नव्हतो. किल्ल्याच्या बाहेर गाव होतं. बाहेरचं खणत होतो आम्ही."

बबननं चहाचा कप खाली ठेवला. "बाहेरचं खणतात?"

"मग काय! प्रोफेसर म्हणाली, आत काय आहे ते सगळ्यांना माहितीये. द रिअल स्टोरी इज आउटसाइड."

बबनच्या डोळ्यांपुढे नदीकाठची एक पडकी गढी उभी राहिली. साहेबांनी त्याला तटाच्या बाहेर एक खड्डा घ्यायला लावला होता, तटाचा पाया किती खोल आहे ते बघायला. हातभर खाली गेल्यावर सारवलेली जमीन लागली. मग तीन दगडांची चूल, चुलीत राख तशीच. शेजारी अर्धं जातं. पुढे खांब रोवलेल्या खळग्यांची ओळ, एकामागे एक, घरांची रांग. कुणाची घरं, ते बबनला कुणी सांगायची गरज नव्हती. तटाला लागून, पण तटाच्या बाहेर, सांडपाणी उतरतं त्या अंगाला. तो धावत साहेबांना बोलवायला गेला. साहेब आले, वाकून पाहिलं, हातातल्या कागदावर काही लिहिलं नाही. "तटाच्या बाहेर आपलं काही नाही. बुजवून टाका." आणि बबननं आपल्याच फावड्यानं ती चूल बुजवली. पुढे अहवाल छापून आला. त्यात तटाचे चौदा फोटो होते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'मजूर : १४'. नाव एकाचंही नाही. वाचायला शिकल्यावर बबननं सगळ्यात आधी ते पान वाचलं होतं.

"करू," तो यशोधराला म्हणाला. "पण बाहेरचं गाव आलं पाहिजे. ते नसेल तर मी मातीला हात लावणार नाही."

गॅरेजमध्ये काम सुरू झालं. दुकानातून आणलेली माती त्याला पसंत पडेना. "ही माती नाही, केक आहे," म्हणून त्यानं घरामागच्या वाफ्यातली थोडी चिकण माती काढली, बर्फ पडायच्या आत. ती मळताना यशोधरा सांगायची आणि तो विचारायचा.

किल्ला पत्त्याच्या पानासारखा, लांबट आणि कोपरे गोल. चार दरवाजे. भिंतीपुढे दोन खंदक. आत मधोमध कचेरी, धान्याची कोठारं जमिनीपासून उचललेली, म्हणजे ओल आणि उंदीर लागू नयेत. सैनिकांच्या लांब चाळी. आणि बाहेर, दरवाज्यातून निघणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, चिंचोळ्या तोंडाची घरं. लोहार, कातडी कमावणारे, दारू विकणारी, सैनिकांच्या बायका, त्यांची पोरं.

"बायका बाहेर का?"

"सैनिकाला लग्न करायची परवानगीच नव्हती, आबा. खूप वर्षं. करायचे, पण कागदावर नाही."

"म्हणजे बाई हवी, तिचं नाव नको."

"आणि नदीपलीकडचे लोक बाजाराला यायचे. पण ठरलेल्या दिवशीच. दिवसाउजेडी. हत्यार बाहेर ठेवून, आणि बरोबर पहारा."

बबन हसला. त्या हसण्यात गंमत नव्हती. "दोन हजार वर्षांमागं, एवढ्या लांब. यांना कुणी शिकवलं गं?"

"त्यातलेच काही जण सैन्यात भरती व्हायचे. पंचवीस वर्षं नोकरी केली की ब्राँझच्या पत्र्यावर नाव कोरून मिळायचं. मग तो रोमन."

"पंचवीस," बबन म्हणाला. "माझी तीन कमी पडली."

एका दुपारी यशोधरा वर्गावरून आली तोवर त्यानं घरांची पहिली रांग लावून टाकली होती. तिनं प्लॅन उलगडला, मातीकडे पाहिलं, पुन्हा प्लॅनकडे.

"आबा, हे इकडे का लावलंत? घरं तर दरवाज्यासमोर आहेत. वेस्ट गेट. तुम्ही पार ईस्टला नेली, भिंतीच्या मागे. आणि मध्ये एवढी गॅप?"

बबन आपल्या हातांकडे बघत राहिला. प्लॅन त्यानं सकाळीच नीट पाहिला होता. पण हातानं विचारलं नव्हतं. वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आपली घरं गावाच्या पूर्वेला, म्हणजे आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात जायला नको. हे कुणी कधी शिकवत नाही. हात आपोआप तिकडेच जातो.

"चुकलं," तो म्हणाला. आणि सगळी रांग कालथ्यानं उचलून त्यानं दरवाज्याच्या तोंडाशी आणली, इतकी जवळ की चुलीचा धूर तटाला लागावा. प्रत्येक घरात त्यानं तीन बारीक खडे ठेवले. चूल. नदीच्या काठानं मोहरी पेरली, ती तीन दिवसांत हिरवी झाली. माणसं बोटाएवढी केली, एकशे सहा. आत सैनिक चाळीस, बाहेर सहासष्ट. गाडीत मावावं म्हणून दोन फळ्या केल्या. एकीवर किल्ला, दुसरीवर वस्ती. दोन्ही शेजारी ठेवल्या की रस्ता बरोबर जुळायचा. जागा चार फूट बाय चार फूट, असं फॉर्मवर लिहिलं होतं. दोन्ही मिळून साडेपाच होत होत्या. यशोधरानं मंडळाच्या सेक्रेटरीला, रश्मीला, ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, 'नो प्रॉब्लेम, अ‍ॅडजस्ट करू.'

स्पर्धा शनिवारी, भाड्यानं घेतलेल्या एका शाळेच्या जिममध्ये. जमिनीवर निळ्या टेपचे सात चौकोन आखलेले. राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, एक जपानचा, एक राजस्थानचा, एक स्कॉटलंडचा. सातवा चौकोन बबनचा. दोघांनी किल्ला आत ठेवला, वस्तीची फळी त्याला जोडली. दीड फूट बाहेर आली. यशोधरानं कंप्युटरवर छापलेलं कार्ड किल्ल्याला लावलं. वस्तीला बबननं स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड लावलं, 'वस्ति. इथं माणसं राहत होती.'

स्पर्धेचा प्रमुख शैलेंद्र. पुण्याचा, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, तिकडे असताना दोनशे किल्ले चढलेला. हा आकडा तो बोलण्यात चौथ्या वाक्याला आणायचा. हातात पॅड घेऊन तो सातव्या चौकोनापाशी आला. मागे रश्मी. दार उघडायला अर्धा तास होता, आणि बाहेर लॉबीत दोनेकशे माणसं जमली होती.

"काका, हे टेपच्या बाहेर आलंय."

"बाहेरचंच आहे ते."

"नाही, म्हणजे चौकोनाच्या बाहेर."

"किल्ल्याच्या बाहेरची वस्ती आहे. बाहेर नाही तर कुठं ठेवू?"

शैलेंद्र हसला, माणूस लहान मुलाला हसतो तसा. "नियम सगळ्यांना सारखा आहे. चार बाय चार. हे काढावं लागेल."

यशोधरा पुढे झाली. "शैलेंद्रकाका, आम्ही ईमेल केला होता. रश्मीकाकू म्हणाल्या अ‍ॅडजस्ट करू."

रश्मी कानातल्याशी चाळा करत म्हणाली, "हो, म्हणजे मी म्हटलं होतं, पण मला वाटलं थोडंसंच असेल..."

"फायर सेफ्टीचा इश्यू आहे, बेटा. आयल मोकळी पाहिजे. कुणी अडखळून पडलं तर मंडळावर येतं."

बबननं शेजारच्या चौकोनाकडे बोट केलं. अनुया नावाच्या बाईंनी सिंधुदुर्ग केला होता, आणि त्याचा समुद्र, निळं प्लास्टिक, हातभर टेपच्या बाहेर पसरला होता. "तो समुद्र बाहेर गेलेला चालतो?"

"काका, तो फ्लॅट आहे. ट्रिपिंग हॅझर्ड नाही."

"म्हणजे आमची माणसं उभी आहेत, ही चूक."

अनुयाबाईंनी खाली वाकून आपला समुद्र उगाचच नीट केला.

शैलेंद्रचा चेहरा आता आवळला. "हे बघा, विषय किल्ला आहे. तट, बुरूज, दरवाजे, डिफेन्स. मार्क त्याला आहेत. हे बाहेरचे लोक, रोमन सरहद्दीवरच्या रानटी टोळ्या, त्यांचा किल्ल्याशी काय संबंध? त्यांच्यासाठीच तर भिंत बांधली."

"भिंतीला दगड कुणी वाहिले?"

"सैनिकांनी. रोमन सैनिक स्वतः बांधायचे. वाचलंय मी."

"बरोबर वाचलंय," बबन म्हणाला. "आणि त्या सैनिकाला भाकर कुणी घातली? जोडा कुणी शिवला? घोड्याला वैरण कुठून आली? त्याची पोरं कुणी वाढवली? ते तुमच्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे?"

"आबा, इझी," यशोधरा हळूच म्हणाली, पण तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिला थांबवायचं नव्हतं.

शैलेंद्रनं खाली पाहिलं आणि त्याला हवं ते सापडलं. त्यानं कार्डावर पेनाचं टोक ठेवलं. "आणि काका, 'वस्ती' दीर्घ. ती दुसरी. लोक फोटो काढतात, मंडळाच्या फेसबुकवर जातात."

"दीर्घ करायला जागा लागते, साहेब. ती तुम्ही देताय कुठं?"

रश्मी पटकन हसली आणि पटकन थांबली.

शैलेंद्रनं पॅडवरची यादी पाहिली. "आडनाव काय म्हणालात तुम्ही?"

"म्हणालो नाही. फॉर्मवर आहे."

त्यानं वाचलं. "खरात. अच्छा."

त्या 'अच्छा'ला बबन सत्तर वर्षं ओळखत होता. गावात त्याला दुसरा शब्द होता, पुण्याच्या कचेरीत तिसरा, इथं विमानानं आला तेव्हा त्या शब्दानं कोट घातला होता, एवढंच.

"आता माझ्या लक्षात आलं," शैलेंद्र आवाज उतरवून म्हणाला. "काका, प्लीज, हे जातीबितीचं इथं नको. कॅनडात आलोय आपण. दिवाळीचा कार्यक्रम आहे."

"मी कुठं आणलं? मी तर रोमन लोकांचं सांगत होतो. आमची आठवण तुम्हाला आली."

प्रतापगडवाला नंदकुमार बुरुजावर झेंडा लावता लावता तसाच थांबला होता. लॉबीतून माणसांचा गलका येत होता. शैलेंद्रनं घड्याळ पाहिलं, श्वास घेतला आणि मोठ्या मनाचा सूर लावला.

"ठीक आहे. वाद नको. किल्ला छान झालाय, खरंच. जजेसना आवडेल, कदाचित नंबरही येईल. किल्ला इथं राहू दे. ती दुसरी फळी तिकडे ठेवा, वॉशरूमच्या कॉरिडॉरच्या तोंडाशी. तिथं जागा आहे. ज्यांना इंटरेस्ट असेल ते बघतील. दोघांचंही समाधान."

बबननं कॉरिडॉरकडे पाहिलं. मग जिमच्या उंच खिडक्यांकडे. तीन वाजून गेले होते, आणि ऊन खिडक्यांतून तिरपं आत येऊन निळ्या चौकोनांवर पडत होतं. खिडक्या पश्चिमेला. कॉरिडॉर त्यांच्या बरोबर समोर.

"यशू, तो कॉरिडॉर कुठल्या अंगाला गं?"

यशोधरानं खिडकी पाहिली, कॉरिडॉर पाहिला. तिला कळलं. "ईस्ट, आबा."

"पूर्व," बबन म्हणाला. "यांनी प्लॅन पाहिला नाही, काही नाही. हात आपोआप गेला."

"काय?" शैलेंद्रनं विचारलं.

बबन वस्तीच्या फळीपाशी उकिडवा बसला. त्याच्या मनात ती दुसरी चूल होती, खरी, राख असलेली. फावडं मारताना राखेचा करडा फुफाटा उडाला होता आणि त्याच्या पायांवर बसला होता. त्या दिवशी नदीवर जाऊन त्यानं पाय धुतले नव्हते. साहेब म्हणाले बुजव, आणि त्यानं बुजवलं, कारण दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायला साहेबच होते. इथं कुणी साहेब नव्हता. इथं फक्त एक माणूस पॅड घेऊन उभा होता.

"चौकोनात एकच फळी चालेल?" त्यानं वर न बघता विचारलं.

"एकच. चार बाय चारच्या आत."

"बरं. यशू, तिकडून धर."

यशोधरा खाली वाकली आणि वस्तीच्या फळीला हात घालू लागली. तिचे डोळे भरले होते.

"ती नव्हे," बबन म्हणाला. "किल्ला धर."

ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली आणि किल्ल्याच्या बाजूला गेली. दोघांनी फळी उचलली. माती ओली होती, तट जड होता, बबनच्या कंबरेतून कळ गेली. किल्ल्यानं कंबर दुखतेच. चाळीस सैनिक, चार दरवाजे, कचेरी, कोठारं, सगळं घेऊन दोघं जिमच्या मधून चालत गेली. नंदकुमार बाजूला सरकला. अनुयाबाईंनी आपला समुद्र पायानं मागे ओढून वाट केली. कॉरिडॉरच्या तोंडाशी, वॉशरूमच्या पाटीखाली, त्यांनी किल्ला खाली ठेवला.

मग परत येऊन बबननं वस्तीची फळी टेपच्या आत सरकवली. बरोबर मधोमध. चारही बाजूंना जागा उरली. रस्ता दोन्ही अंगांच्या घरांमधून येऊन फळीच्या कडेला संपत होता, जिथं दरवाजा असायचा तिथं. मोहरी हिरवीगार होती.

"हे काय चाललंय?" शैलेंद्रचा आवाज चढला. "किल्ला कुठंय?"

"तिकडे. वाऱ्याच्या खाली. ज्यांना इंटरेस्ट असेल ते बघतील."

"काका, ही किल्ल्यांची स्पर्धा आहे! तुम्ही डिस्क्वालिफाय व्हाल. पोरीची मेहनत आहे यात, तिचा तरी विचार करा!"

"मी विचार केलाय," यशोधरा म्हणाली. "आबा, राइट देअर इज परफेक्ट."

"मंडळाच्या कार्यक्रमात असला तमाशा चालणार नाही."

"तमाशा कुठला? टेपच्या आत आहे. चार बाय चारच्या आत. मोजा."

रश्मीनं खरोखरच खाली वाकून पाहिलं. "शैलेंद्र, बसतंय हे," ती म्हणाली, आणि त्याच्या नजरेला नजर न देता दार उघडायला निघून गेली.

शैलेंद्रनं पॅडवर सातव्या ओळीवर रेघ मारली. इतक्या जोरात, की कागद फाटला. "सात नंबर बाद."

"करा बाद. पेन द्या जरा."

न समजून त्यानं दिलं. बबन कार्डापाशी गुडघ्यावर बसला. 'वस्ति'ची पहिली वेलांटी त्यानं खोडली आणि पुढे मोठी, लांब, फळीच्या कडेपर्यंत जाईल अशी दुसरी काढली. आता जागा होती. खाली त्यानं एक ओळ घातली. खापरावर घालायचा तशी, सावकाश, अक्षर अक्षर सुटं. 'खणणारे : बबन धोंडू खरात. यशोधरा.' तारीख घातली. पेन पुसून परत दिलं.

दार उघडलं. माणसं आत आली, लहान पोरं पुढे धावली. शैलेंद्र माईकपाशी जाऊन उभा राहिला आणि दोनशे किल्ल्यांचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मंडळी, यंदा आपल्याकडे सहा सुंदर किल्ले आहेत."

यशोधरा दात खाऊन म्हणाली, "आबा, ऐकलंत? सिक्स. त्यानं आपल्याला मोजलंच नाही."

बबननं एक खुर्ची ओढून चौकोनाच्या कडेला लावली आणि वस्तीकडे तोंड करून बसला. पाठ कॉरिडॉरकडे.

"बरोबर मोजलं त्यानं," तो म्हणाला. "हा किल्ला नाहीच."